‘काचघर’ची विशेष आवृत्ती

४ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पार्सल मिळालं. कवळ्यांच्या लॅबच्या पत्त्यावर पाठवलंस हे शहाणपणाचं केलंस. घरी आलं असतं तर तुझ्या आईने आधी फोडलं असतं आणि मग मला विचारलं असतं की ह्यात काय आहे. राहते खालच्या मजल्यावर, पण माझ्याकडे कोण आलं-गेलं हे तिला माझ्याआधी कळतं. फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की तिला नेमकी माझ्याकडची साखर हवी असते. म्हणून आपलं पत्रच बरं.

तिची तक्रार अशी की पोरगी परगावी हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी करते की जपानी चित्रांची पुस्तकं वाचते, हे कळेनासं झालंय. मी म्हटलं, पोरीला एवढं वेड कशाने लावलंय ते आधी बघू तरी. म्हणून मागवलं.

वाचलं. हातातलं काम बाजूला ठेवून वाचलं. एका गृहस्थांची कवळी त्यापायी लांबली आणि ते बिचारे अजून सूप पिऊन दिवस काढतायत.

काय गं हे पुस्तक. सुरुवातच केवढी धीट. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एवढंच, ‘थांबा, तुम्ही चुकीच्या दिशेने निघाला आहात.’ मी दचकलेच. वाचकाला दारातच असं सुनवायचं म्हणजे लेखिका पोचलेली असणार. मग त्या दोघी, ती उंच आणि ती बॉबकटवाली, काचघरात कुंड्यांच्या मधोमध हातात हात घेऊन उभ्या. दोन मुलींचं प्रेम आहे हे मला तिथेच कळलं आणि त्याचं काही वाटलं नाही. रडू आलं ते पुढे. उंच मुलगी बॉबकटला स्वतःचा हातमोजा देते. ती तो खिशात घालून हिंडते. हळूहळू दोघींचं बोलणं कमी होत जातं. एक दिवस बॉबकट तो हातमोजा चक्क रस्त्यावर टाकून देते, आणि शेवटच्या पानावर उंच मुलगी तिला विचारते, ‘तुझं नाव काय?’

मी चष्मा काढून ठेवला आणि पोटभर रडले. जिचा हात धरला तिलाच नाव विचारायची वेळ यावी. डोक्याला मार लागला असावा असा माझा अंदाज आहे, पण तसं चित्र काही सापडलं नाही. संवादही चमत्कारिक, आधी उत्तर आणि मग प्रश्न. प्रेमात माणसाला प्रश्न यायच्या आधीच उत्तर ठाऊक असतं, असं सुचवायचं असेल का त्यांना? बरोबर की चूक ते कळव.

आणि एक शंका. ह्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं रे बघितलं की हवेत फुलं उगवतात. ती येतात कुठून आणि मागाहून झाडतं कोण?

तुझी
मावशी


१५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी आमच्या ‘काचघर’ वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. लोक थक्क झाले. एकीने लिहिलं की विस्मृतीच्या अंगाने ह्या मालिकेकडे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. दुसरीने ‘उत्तर आधी, प्रश्न नंतर’ ह्यावर लांबलचक लेख लिहायला घेतला. माझी कॉलर एकदम ताठ झाली. मग मी ते माझ्या रूममेटलाही वाचून दाखवलं. आमच्याच हॉटेलच्या बेकरीत असते, मागे तुला सांगितलं होतं बघ. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मावशींनी पुस्तक कुठल्या बाजूने उघडलं?’

मावशी, जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. तुझं शेवटचं पान ते पहिलं. ‘थांबा’ हे लेखिकेने लिहिलेलं नाही. उलट्या बाजूने शिरणाऱ्यांसाठी प्रकाशकांनी ती पाटी लावलेली असते. म्हणजे आधी नाव विचारलं जातं, मग बॉबकटला रस्त्यात तो हातमोजा सापडतो, ती तो जपून ठेवते आणि शेवटी परत देते, तेव्हा दोघी पहिल्यांदा हात धरतात. डोक्याला मार कोणालाच लागलेला नाही. रूममेट हसून हसून खाली बसली होती. लेख लिहिणारीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

आता फुलांचं. असल्या कथांना युरी म्हणतात, आणि युरी म्हणजे लिली. म्हणून लिली. ती झाडायची नसते, ती भावना असते. कळी दिसली तर मनात आहे पण ओठांवर नाही. पूर्ण उमललेली दिसली तर आता कबुली आलीच म्हणून समजायचं. पडलेला हातमोजा म्हणजे न धरलेला हात. आणि त्या दोघींमधली सगळी ओढाताण अशी, की बॉबकटला सगळं कळतं पण ती गप्प, आणि उंच मुलगी शेजारी बसूनही तिला कशाचा पत्ता नसतो. ह्या गोष्टीचा जीव तिथे आहे.

दुसरा भाग सोबत पाठवतेय. त्यातला तो प्रसंग नीट बघ. उंच मुलगी कामावरून दमून येते, केसांत पीठ, बूट न काढताच पलंगावर आडवी होते. बॉबकट जमिनीवर बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडते, आणि झोपमोड होऊ नये म्हणून श्वाससुद्धा रोखून धरते. इतका भारलेला प्रसंग मी दुसरा वाचलेला नाही. नाडी हे केवढं मोठं प्रतीक आहे ते कळव.

तुझी
चिंगी


२ मार्च

चिंगे,

दोन्ही भाग सरळ बाजूने वाचले. गोष्ट चांगली आहे, पण माझीच जास्त चांगली होती. त्या लेखवालीला काही सांगू नकोस, लिहू दे तिला.

लेखिकेबद्दल माझं मत बरं झालंय, एक सोडून. तिने कुणालाच दात दिलेले नाहीत. तोंड उघडलं की एक पांढरी पट्टी. त्या काचघरात मी दुकान थाटलं तर महिनाभरात शटर खाली ओढावं लागेल. लिलीचं मात्र तिने अचूक पकडलंय. तिच्या परागांचा डाग कपड्यावरून जाता जात नाही, म्हणूनच उमललेलं फूल दिसलं की पुढच्या पानावर त्या दोघींचं वाजतं.

आता मुद्द्याचं. तो नाड्यांचा प्रसंग मला सापडला नाही. पुढून बघितलं, मागून बघितलं, माझ्या जुन्या पद्धतीनेही एकदा बघून घेतलं. चिंगे, त्या मुली बागकाम करतात. काचघरात माती आहे, खत आहे, झारी आहे. पीठ नाही. बुटांनाही नाड्या नाहीत, दोघी पहिल्यापासून गमबूट घालतात. पान गळालं असेल तर पाठव. गळालं नसेल तर ते कुठे वाचलंस तेवढं सांग. मी काही म्हणत नाहीये.

तुझ्या आईने तुझ्यासाठी एक स्थळ काढलंय. मुलाचं फरशांचं दुकान आहे. ती तुला रविवारी फोन करेल, तेव्हा आश्चर्य वाटल्याचं दाखव.

मावशी


११ मार्च

प्रिय मावशी,

पान गळालेलं नाही. तो प्रसंग विशेष आवृत्तीत आहे. ती फार कमी लोकांना मिळते, त्यामुळे तुझ्याकडे नसणार.

आता विषय निघालाच आहे तर त्या आवृत्तीत पुढे काय होतं तेही सांगते. उंच मुलगी आधी पहाटेच्या कामावर जायची. मध्येच तिला काय वाटलं कोण जाणे, तिने साहेबांच्या मागे लागून दुपारची पाळी मागून घेतली, म्हणजे बॉबकटची असते तीच. त्यामुळे बॉबकटची सकाळची शांतता गेली. ही तिच्या समोर येऊन बसते आणि ‘आता ह्या पानावर काय झालं’ असं विचारत राहते. सांगितलं तर पुस्तकाकडे न बघता बॉबकटकडेच बघत बसते, म्हणजे लक्ष कुठे असतं देव जाणे. करपलेला पाव स्वतः खाते आणि चांगला हिच्यापुढे सरकवते. कारण विचारलं तर म्हणे मला करपलेलाच आवडतो. मनाने चांगली आहे गं, पण प्रतीकं वगैरे तिच्या डोक्यावरून जातात. बॉबकटच्या मनात काय आहे ह्याची तिला गंधवार्ता नाही.

आणि आता तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉटे (खोडलंय ते वाचू नकोस), मोठ्या काचघरात बोलावलंय. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. तिने बॉबकटला विचारलं, ‘तुला काय वाटतं, जाऊ?’ बॉबकट म्हणाली, ‘तुझा निर्णय.’ त्यावर उंच मुलगी सरळ भांडी घासायला लागली. बॉबकटने ठरवलंय की काही बोलायचं नाही. बोललं आणि तिला ते नको असलं तर खोलीही जाईल आणि मैत्रीही. शिवाय त्याग हा शब्द आहेच. दुसऱ्या भागातली ती रिकामी कुंडी म्हणजे हाच त्याग, असं आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत आहे.

मी केवळ वाचक म्हणून विचारतेय. तुझ्या मते तिने बोलावं की बोलू नये? वाचक म्हणूनच, पण जरा लवकर कळव. आणि फरशीवाल्याला नाही म्हणायला आईला तूच सांग ना.

चिंगी


१६ मार्च

चिंगे,

फरशीवाल्याचं मिटलं. मी ताईला सांगितलं की त्या मुलाच्या आईची कवळी माझ्याकडे आहे आणि बाई फार चावरी आहे. कवळी खरंच माझ्याकडे आहे.

आता तुझी विशेष आवृत्ती. मी ती वाचलेली नाही, पण तू सांगितलीस तेवढ्यावर बोलते. तुम्ही सगळे मिळून एका रिकाम्या कुंडीवर एकमत करता, आणि इथे चांगली नोकरीतली बाई पहाटेची सवय मोडून दुपारची पाळी मागून घेते ते कोणाला दिसत नाही. तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणतेस. बॉबकटच्या जवळ असावंसं वाटलं असणार, दुसरं काय. पुस्तक हातात असताना ती पुस्तकाकडे बघत नाही, ही तुझी तक्रार आहे. चिंगे, हीच गोष्ट त्या लेखिकेने चित्रात काढली असती तर तू त्यावर चार पानं लिहिली असतीस.

‘जाऊ?’ असं जी विचारते तिला परवानगी नको असते गं. आपल्याला कोणी अडवतं का, हे ती बघत असते. त्यावर ‘तुझा निर्णय’ म्हणणाऱ्या माणसाला मी त्याग करणारा म्हणणार नाही, मठ्ठ म्हणेन. आणि गप्प बसण्याचं मला कौतुक सांगू नकोस. माझ्याकडे खुर्चीत बसून जे गप्प राहतात, त्यांच्या तोंडात मापाचा साचा घातलेला असतो म्हणून राहतात. काढला की सगळे बोलतात.

भीती वाटते हे कळतं मला. ती नाही म्हणाली तर वाईट वाटेल, खूप वाटेल, तेव्हा सरळ गाडीत बसून माझ्याकडे यायचं. पण ती न सांगता गेली तर त्याचं काय करशील?

आता वाचक म्हणून नाही, मावशी म्हणून सांगते. तू लहानपणापासून मला आवडतेस ती अख्खी आवडतेस. त्यातला अमुक भाग वगळून, असं माझं कधीच नव्हतं. तुझ्या आईला कधी सांगायचं ते तू ठरव. सांगशील तेव्हा मी तिच्या शेजारी बसलेली असेन, आणि ती जे काय बोलेल ते आधी माझ्याशी बोलेल. तोवर माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही. साखर न्यायला दिवसातून दहादा आली तरी नाही.

बॉबकटला माझा निरोप सांग, बोल म्हणावं.

तुझी
मावशी


२३ मार्च

मावशी,

सगळं मुसळ केरात गेलं.

तुझं पत्र वाचून मला धीर आला, पण शब्द येईनात. म्हणून ‘काचघर’च्या तिसऱ्या भागात त्या दोघी करतात तसं मी केलं. बाजारातून लिली आणल्या. कळ्या नाही, पूर्ण उमललेल्या, म्हणजे अर्थ चुकायला नको. हातमोज्यांची एक नवी जोडी घेतली. त्यातला एक फुलांशेजारी टेबलावर ठेवला आणि दुसरा माझ्या खिशात. न धरलेला हात. तिने नुसतं टेबल बघितलं तरी कळावं अशी मांडणी होती. ग्रुपवर फोटो टाकला असता तर तिथे लोक रडले असते.

ती आली आणि आल्या आल्या शिंकायला लागली. तिला लिलीचं वावडं आहे, हे मला इतक्या दिवसांत माहीत नव्हतं. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. तशातच तिने हातमोजा उचलला आणि म्हणाली, ‘एकच कसा? दुसरा पडला वाटतं.’ आणि तो शोधायला पलंगाखाली शिरली. मी खिशात हात घालून उभी. माझ्याच्याने तो बाहेर काढवेना. ती कपाट सरकवून आली, ट्रंका हलवून आली, तिच्या गुडघ्यांना धूळ लागली, आणि शेवटी फुलांकडे बघत तिने विचारलं, ‘निरोपाची आहेत का?’

मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला विचारू नकोस. जीभ आपली आपण वळली.

ती म्हणाली, छान आहेत. मग फुलं खिडकीबाहेर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी तिने बेकरीतल्या साहेबांना तोंडी सांगून टाकलं की मी चालले. त्या दुसऱ्या हॉटेलचे लोक तीस तारखेला दुपारी फोन करून तिचा होकार पक्का करणार आहेत. त्यानंतर झालंच मग. विशेष आवृत्ती वगैरे काही नाही गं मावशी, तुला माहीतच आहे. मला ती जायला नको आहे. मला ती खूप आवडते आणि मी तिला निरोपाची फुलं देऊन बसलेय.

चिंगी


२६ मार्च

चिंगे,

कुरिअरने पाठवतेय, म्हणजे तीसच्या आत पोचेल. मुलगा दारात उभा आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

फूल नको, मोजा नको, कुंडी नको. ज्या बाईला पलंगाखाली शिरून तुझा हरवलेला मोजा शोधायचं सुचतं, तिला प्रतीकं कशाला हवीत? तिच्यासमोर उभी राहा आणि तोंडाने बोल. ‘मला’ने सुरुवात कर आणि वाक्य पुरं कर.

मावशी


३१ मार्च

मावशी,

बोलले.

काल दुपारी रिसेप्शन दुसरीवर सोपवलं आणि तशीच युनिफॉर्मच्या कोटात बेकरीत गेले. ती एकटीच होती, मोठ्या टेबलावर कणीक तिंबत होती. मी समोर उभी राहिले. तू सांगितलंस तशी ‘मला’ने सुरुवात केली, पण पुढचं एकदम आलं नाही. तिने वर बघितलं आणि विचारलं, कोणाची केकची तक्रार आहे का. मी म्हटलं, नाही. मग खिशातून हातमोजा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. की हा हरवला नव्हता, माझ्याकडेच होता. ती फुलं निरोपाची नव्हती, मी घाबरून हो म्हणाले. आणि मग ते वाक्य. ‘मला तू जायला नको आहेस. मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून आवडतेस ते आहेच, पण त्या पुस्तकातल्यांसारखीसुद्धा.’

हवेत फुलं वगैरे काही आली नाहीत. मी लक्ष ठेवून होते. ओव्हनचा पंखा चालू होता आणि ती कणीक तिंबत राहिली. मावशी, माणूस एवढा वेळ एकच गोळा तिंबू शकतो हे मला माहीत नव्हतं. वाटलं, गेली खोली, गेली मैत्री, आता गाडीचं तिकीट काढायचं आणि तुझ्याकडे यायचं.

मग ती खाली बघतच म्हणाली, ‘मला वाटायचं तुला पुस्तकातल्याच आवडतात.’

त्यानंतर तिच्या तोंडून जो सुटला तो धबधबाच. की पाळी तिने कोणासाठी बदलली. की रोज समोर बसून पानं विचारायची ती का, तर सांगताना माझा चेहरा कसा होतो ते बघायला. की ‘तुझा निर्णय’ ऐकल्यावर तिने ती सगळी भांडी कशी घासली. की दुसऱ्या हॉटेलात तिला खरं म्हणजे जायचंच नव्हतं, तिथे दिवसभर नुसती केकवर नक्षी काढायची असते आणि तिला नक्षीचा कंटाळा आहे. शेवटी म्हणाली, ‘आणि करपलेला पाव कोणाला आवडतो गं? इतका खाल्ला मी.’ ती चिडून बोलत होती आणि रडत होती, आणि माझंही तेच चाललं होतं. कोणी आत आलं असतं तर त्यांना वाटलं असतं आमचं कडाक्याचं भांडण झालंय.

तेवढ्यात तिच्या ॲप्रनच्या खिशातला फोन वाजला. तिकडचेच लोक होते. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले, म्हणून मी फोन काढला आणि तिच्या कानाशी धरला. तिने त्यांना नमस्कार केला, आभार मानले आणि मला येता येणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडचे गृहस्थ बरेच वैतागले असावेत. त्यांनी कारण विचारलं ते मलासुद्धा ऐकू आलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाली, ‘घरचं कारण आहे.’

तुझी
चिंगी